जिवंत माणसाचं सुतक

एका जिवंत बाईचं सुतक मी धरलं, आणि सगळ्या वस्तीला धरायला लावलं. ती माझ्या नात्यातली नव्हती. मी तिला कधी पाहिलंही नव्हतं. ती डॉमिनिका नावाच्या छोट्या कॅरिबियन बेटावर राहत होती आणि मी कॅनडात, ओटावाच्या पश्चिम टोकाला कनाटात. तिच्या बेटावर वादळ आलं, आणि आमच्या कम्युनिटी सेंटरमध्ये दर वर्षी होणारा कॅरिबियन वारसा सोहळा मी रद्द करवला. लोकांना सांगितलं, दुःखाचा मान राखायला हवा. ते खोटं होतं. मला हेवा वाटत होता. पन्नाशीला टेकलेला, सॉफ्टवेअरमध्ये चांगल्या हुद्द्यावर असलेला मी एका निवृत्त बस ड्रायव्हरचा हेवा करत होतो. हे असं सरळ लिहायला मला बरीच वर्षं लागली.

तो बस ड्रायव्हर त्या बाईचा धाकटा भाऊ. सत्तरीला आलेला, उंच, डाव्या पायाने किंचित लंगडणारा. तीस वर्षं त्याने शहराच्या बस चालवल्या होत्या. बायको वारलेली, मूलबाळ नाही. त्याला सगळे कॅप्टन म्हणत. बसमुळे नव्हे, स्टील पॅन वाजवणाऱ्यांच्या ताफ्याचा जो म्होरक्या असतो त्याला त्यांच्याकडे कॅप्टनच म्हणतात. स्टील पॅन म्हणजे तेलाच्या पिंपाचा तळ ठोकून ठोकून खोलगट केलेलं वाद्य. रबर गुंडाळलेल्या दोन काड्यांनी वाजवतात. दर शनिवारी सकाळी दहा वाजता सेंटरच्या मोठ्या हॉलमध्ये कॅप्टन मुलांना ते शिकवायचा.

आणि दर शनिवारी सकाळी दहा वाजता, शेजारच्या छोट्या खोलीत, मी पेटी शिकवायचो.

पेटी माझ्या वडिलांची. पुण्याहून आणताना मी ती विमानात मांडीवर घेऊन बसलो होतो. इथल्या हिवाळ्यात हीटिंगच्या कोरड्या हवेने तिचं लाकूड आकसतं, भात्यातून हवा सुटते, म्हणून मी तिच्याजवळ पाण्याचं भांडं ठेवायचो. बायको म्हणायची, "आजारी माणसासारखं चाललंय तुमचं." वर्ग सुरू केला तेव्हा सात मुलं होती, त्यात माझी मुलगी. ती तेव्हा आठ-नऊ वर्षांची. बोटं लांब, सूर पक्का. मला वाटायचं, चला, वडिलांची पेटी एक पिढी पुढे गेली.

पण भिंत पातळ होती. मी इकडे "सा रे ग म" म्हणवून घ्यायचो आणि भिंतीपलीकडून पंधरा पॅनचा गजर यायचा. माझ्या मुलांचे पाय सतरंजीवर त्या ठेक्यावर हलायचे. मला ते पाय दिसायचे. मी आवाज वाढवायचो. मग एक मुलगा गेला, मग दोघी बहिणी गेल्या. आईवडील सांगायचे, "काका, त्याला ना सॉकर आहे आता शनिवारी." पुढच्या आठवड्यात तोच मुलगा हॉलमध्ये काड्या घेऊन उभा. शेवटी माझी मुलगी आणि आणखी एक मुलगा उरले. एका शनिवारी मुलीने भाता बंद केला, हूक लावला आणि विचारलं, "बाबा, कॅन आय गो नेक्स्ट डोअर? जस्ट टुडे."

मी म्हटलं, "जा."

जस्ट टुडे तीन वर्षं चाललं.

या तीन वर्षांत मी काय काय मोजत होतो, ते सांगितलं तर हसाल. मी दिलेली पेटी तिच्या पलंगाखाली होती, वर विंटर बूट ठेवलेले. कॅप्टनने दिलेल्या काड्या उशाशी, टेबललॅम्पजवळ. मी विचारलं, "कसा झाला वर्ग?" तर "फाइन." आणि फोनवर मैत्रिणीला सांगताना मात्र कॅप असं म्हणाला, कॅपने तसं केलं, पाऊण तास. ती बेटावरची लोकं नापसंती दाखवायला दातांतून एक लांब चोखल्यासारखा आवाज काढतात. तो आवाज माझ्या घरात, माझ्या डायनिंग टेबलवर, मी काही बोललो की यायला लागला. मी म्हटलं, हे कुठून शिकलीस? बायको म्हणाली, "तुमची आई च्च् करायची ते चालायचं. हे जरा लांब आहे, एवढंच."

मग ती हसणं थांबवून म्हणाली, "अहो, तुम्हाला झालंय काय? सवतीसारखं करताय अगदी."

मला राग आला, कारण तिने नेमका शब्द वापरला होता. वाईट एवढंच होतं की या सवतीत खोट काढायला काही नव्हतं. कॅप्टन मला आदराने "टीचर" म्हणायचा. दारात भेटला की आधी मला वाट द्यायचा. एकदा मी मुलीला न्यायला लवकर गेलो होतो. हॉल रिकामा होत होता. त्याने मला हाक मारून एका पॅनपुढे उभं केलं. पॅनवर सूर पेटीसारखे ओळीने नसतात. तो म्हणाला, "हा तुमचा सा समजा. आता याच्या शेजारी कोण?" मी काडी टेकवली. एका बाजूला पंचम, दुसऱ्या बाजूला मध्यम. रे कुठे तरी पलीकडे. सगळे सूर गोल बसवलेले, प्रत्येकाच्या शेजारी त्याचा पंचम. माझ्या गुरुजींनी षड्ज-पंचमाचं नातं मला फळ्यावर काढून शिकवलं होतं. इथे ते एका पिंपाच्या बुडात ठोकून ठेवलं होतं. मी खरोखर थक्क झालो. तोंडाने म्हणालो, "इंटरेस्टिंग," आणि मुलीला म्हटलं, "चल, उशीर होतोय." उशीर कसलाच होत नव्हता.

आता सोहळ्याबद्दल. ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी तो व्हायचा. ओटावातले, मॉन्ट्रियलमधले निरनिराळ्या बेटांवरचे लोक यायचे. मद्रास नावाच्याच चौकडीच्या कापडाचे घागरे आणि डोक्याला त्याचेच फेटे, मोठमोठ्या ट्रेमधून जेवण, आणि मध्यभागी कॅप्टनचा पॅनचा ताफा. आदल्या वर्षी इतकी गर्दी झाली की लोक कोट घालून बाहेर उभे राहिले. त्याच हॉलमध्ये दोन आठवड्यांनी आमची दिवाळी झाली, तेव्हा मी मांडलेल्या खुर्च्यांपैकी अर्ध्या परत रचून ठेवाव्या लागल्या. मुलीने दिवाळीत पेटी वाजवायला नकार दिला होता. सोहळ्यात मात्र ती पहिल्या ओळीत होती, आणि एका जागी कॅप्टनने सगळ्यांना थांबवून तिला एकटीला वाजवू दिलं. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. मीही वाजवल्या. माझ्या शेजारचा गोरा माणूस म्हणाला, "कॅप्टनची नात आहे का?" मी म्हटलं, "नाही, माझी मुलगी." तो म्हणाला, "ओह." ते "ओह" मी वर्षभर जपून ठेवलं.

२०१७ च्या सप्टेंबरात डॉमिनिकावर ते वादळ आलं. टीव्हीवर वरून काढलेली चित्रं दाखवत होते. हिरवंगार बेट तपकिरी झालेलं, झाडांना एक पान नाही, घरांना छप्परं नाहीत. फोन बंद, रस्ते बंद. कॅप्टनची मोठी बहीण तिथे डोंगरातल्या एका गावात राहायची. आई लवकर गेल्यामुळे तिनेच त्याला वाढवलं होतं. तिची काहीच खबर नव्हती. त्याने बेपत्ता लोकांच्या चौकशीच्या यादीत तिचं नाव दिलं होतं, आणि रोज फोन लावून बघत होता. तरीही शनिवारी तो हॉलमध्ये यायचा, मुलांची तालीम घ्यायचा. सोहळा जवळ आला होता.

मी त्या वर्षी सेंटरच्या समितीचा अध्यक्ष होतो. आम्ही चौघंच, सगळे स्वयंसेवक. महिनाअखेरच्या बैठकीत मी विषय काढला. तिथे माणसं ढिगाऱ्याखाली असताना आपण इथे नाचणं बरं दिसेल का? मग मी त्यांना सुतक म्हणजे काय ते समजावलं. आमच्याकडे कुणी गेलं की घरात दहा दिवस सण नाही, गोडधोड नाही, देवपूजासुद्धा नाही. माझे वडील गेले त्या वर्षी मी इथे ओटावात, नातेवाइकांपासून लांब, ते दहा दिवस पाळले होते, तेही सांगितलं. माझा आवाज भरून आला. तो खोटा नव्हता, हेच वाईट. वडिलांच्या मरणाचं खरं दुःख मी त्या खोट्या कामाला जुंपलं. आमची सेक्रेटरी, एक निवृत्त शाळामास्तरीण, डोळे पुसत म्हणाली, "किती सुंदर प्रथा आहे." मग तिने विचारलं, "पण कॅप्टनला विचारलंय का कुणी?"

"मी विचारतो," मी म्हणालो.

विचारलं ते पार्किंग लॉटमध्ये. तो गाडीत पॅन चढवत होता. आमचं बोलणं इंग्रजीत झालं, पण मला ते मराठीतच आठवतं.

"कॅप्टन, या परिस्थितीत सोहळा करावा असं तुम्हाला वाटतं?"

त्याने पॅन खाली ठेवला. "टीचर, आमच्याकडे कुणी गेलं तरी लोक जमतात. गातात, डॉमिनोच्या सोंगट्या खेळतात, कॉफी पितात. एकटं बसू देत नाहीत कुणाला. आणि इथे तर अजून कुणी गेलेलं कळलेलं नाही." मग तो गाडीला टेकला. "माझ्या गावची एक बाई मॉन्ट्रियलला असते. दर वर्षी या दिवशी येते. तिच्याकडे माझा नंबर नाही, माझ्याकडे तिचा नाही. कधी लागलाच नाही, ती येतेच. तिचा भाचा तिकडे पोलिसात आहे. कुणाला काही ठाऊक असेल तर तिला असेल."

म्हणजे त्याने मला स्पष्ट सांगितलं होतं. त्या सोहळ्यात त्याला काय हवं होतं, ते मला माहीत होतं. तरीही मी म्हणालो, "समितीला वाटतं की लोकांच्या भावना दुखावतील. आमच्यात तर असं काही करतच नाहीत. सुतक असतं."

त्याने खाली ठेवलेला पॅन उचलून गाडीत ठेवला. मग म्हणाला, "अध्यक्ष तुम्ही आहात, टीचर. तुम्ही म्हणाल तसं."

माझ्या लग्नाला तेव्हा बावीस वर्षं झाली होती. "तुम्ही म्हणाल तसं" याचा अर्थ काय होतो, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. घरात हे शब्द ऐकले की मी दोन पावलं मागे येतो. पण त्या दिवशी मी ते शब्द उचलले, घरी नेले आणि त्यांचा होकार करून ई-मेलमध्ये घातला. "शोकाकुल कुटुंबांच्या इच्छेनुसार आणि त्यांच्या दुःखाचा आदर राखून या वर्षीचा कॅरिबियन वारसा सोहळा रद्द करण्यात येत आहे." वस्तीतल्या सगळ्या घरांना तो गेला. तोच मजकूर मोठ्या अक्षरांत छापून मी हॉलच्या काचेच्या दारावर चिकटवला. चारही कोपऱ्यांना टेप, नीट.

मुलीला मेलवरूनच कळलं. ती जिन्यात उभी राहून म्हणाली, "कॅप आस्क्ड फॉर धिस?"

"हो," मी म्हणालो. "साधारण."

कॅप्टनने शनिवारचा वर्गही बंद केला. पॅन सेंटरच्या कपाटात गेले. किल्ल्या परत घ्यायला मी त्याच्या घरी गेलो, तेव्हा इथलं ऑक्टोबरातलं थँक्सगिव्हिंग नुकतंच होऊन गेलं होतं. दारातल्या टेबलावर कार्डं उभी करून ठेवली होती. फिकट फुलं, चंदेरी अक्षरं. सांत्वनाची कार्डं. स्वयंपाकघरात झाकून ठेवलेले ॲपल पाय, कॅसरोलची भांडी, लोकांनी आणून दिलेली.

"लोक फार चांगले आहेत," तो म्हणाला. "सगळ्यांना वाटतंय ती गेली. बेल वाजली की मी आधी त्यांच्या तोंडाकडे बघतो. म्हणतो, यांना काही कळलंय का, जे मला अजून कळलेलं नाही?"

तेव्हा बोलता आलं असतं. मी किल्ल्या मोजून घेतल्या आणि निघालो.

घरी बायकोला ते कार्डांचं सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. लाटणं हातात तसंच राहिलं. "थांबा. त्या बाई गेल्याचं कळलंय का?"

"नाही अजून."

"मग सुतक कसलं? अहो, सुतक कळल्यावर लागतं. कळलं नाही तोवर माणूस जिवंत असतं. जिवंत माणसाचं सुतक धरलंत तुम्ही." ती पुन्हा लाटायला लागली. पोळी फाटली, तिने गोळा करून बाजूला टाकली. "आणि दुसऱ्यांकडून धरून घेतलंत."

मी म्हटलं, "मी चांगल्या हेतूने केलं."

"तुम्ही म्हणाल तसं," ती म्हणाली.

मी जे मिळवायचं ते मिळवलं होतं, म्हणजे शनिवार मिळवला होता. मुलगी आता शनिवारी घरी असायची. दार बंद करून, कानात हेडफोन घालून. मी पलंगाखालून पेटी काढली, पुसली, बसलेला एक सूर नीट केला. मोठा हॉल रिकामाच होता, म्हणून सोहळ्याच्या त्याच शनिवारी तिथे पेटीचा वर्ग पुन्हा सुरू करतोय असं चार घरी कळवलं. मुलीला म्हटलं, सतरंज्या घालायला तरी ये. बायकोनेही सांगितलं म्हणून ती आली.

आम्ही दोघंच होतो. चार घरांतून कुणीही आलं नाही. एवढ्या हॉलमध्ये एक सतरंजी, त्यावर पेटी, आणि मुलगी खिडकीत पाठ करून बसलेली. मी काहीतरी वाजवत होतो. तेवढ्यात दारावर कुणीतरी थापटलं.

दाराबाहेर साठीची एक बाई. कोटाखालून चौकडीचा घागरा, डोक्याला त्याच कापडाचा फेटा, दोन्ही हातांत झाकलेला मोठा ट्रे. ती माझ्याकडे बघत नव्हती. काचेवरचा माझा कागद वाचत होती. मी दार उघडलं.

"कोण गेलं?" तिने विचारलं. तिच्या इंग्रजीत फ्रेंचचा हेल होता. "मी मॉन्ट्रियलहून आले. मला कुणी कळवलं नाही. कुणाच्या घरचं गेलं?"

तिला मेल गेलाच नव्हता. ती आमच्या यादीतली नव्हती. ती फक्त यायची. मी म्हणालो, "कॅप्टनची बहीण... म्हणजे, अजून नक्की..."

"त्याची बहीण?" तिने ट्रे माझ्या हातात दिला, बहुधा हात मोकळे हवे होते म्हणून. "ती कशाला मरेल? माझ्या भाच्याने मागच्या आठवड्यात बघितलं तिला. शाळेत राहतात सगळे, घराचं काही उरलं नाही. शाळेच्या व्हरांड्यात ती शंभर माणसांचं रांधते आणि सगळ्यांना शिव्या घालते. फोन गेला तिचा पाण्यात. तिने निरोप दिलाय, माझ्या भावाला सांगा, मी आहे. तेवढं सांगायला तर आले मी! कुणी ठरवलं ती मेली म्हणून?"

मुलगी आमच्या मागे येऊन उभी होती. तिने कागद वाचला होता, मेल वाचला होता, जिन्यात माझं "साधारण" ऐकलं होतं. तिने माझ्याकडे पाहिलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने खिशातून फोन काढला आणि कॅप्टनला लावला. "कॅप, यू हॅव टु कम. नो, गुड. इट्स गुड. जस्ट कम."

दहा मिनिटांत तो आला. चपलांमध्येच. ती बाई त्यांच्या भाषेत भराभर बोलत होती. तो ऐकता ऐकता पायरीवर बसला आणि दोन्ही हात त्याने गुडघ्यांवर ठेवले, बस थांबवून बसलेल्या ड्रायव्हरसारखे. माझी मुलगी त्याच्या शेजारी बसली. तिने त्याच्या हातावर हात ठेवला. माझे वडील गेले तेव्हा ती माझ्या खोलीच्या दारातून नुसती डोकावून गेली होती. आणि मी, जेवणाचा ट्रे धरून दारात उभा, त्या क्षणालासुद्धा मला ते खुपलं. एका माणसाला त्याची बहीण परत मिळत होती आणि मी मुलीचा हात कुठे आहे ते बघत होतो. याच्याइतकी लाज मला आयुष्यात दुसऱ्या कशाची वाटलेली नाही.

कागद मी काढला. टेप काचेला चिकटून राहिली, नखांनी खरवडली. पण माफी लगेच मागितली असं नाही. मी आणखी एक मेल पाठवला, "गैरसमजातून झालेल्या चुकीबद्दल दिलगीर आहोत." आहोत! जणू चौघांनी मिळून जळफळाट केला होता. कॅप्टनला लिहिलेली तीन पत्रं तशीच पडून राहिली. प्रत्येकात सुतकाची प्रथा समजावून सांगितली होती. तिसरं वाचताना कळलं, मी माफी मागत नव्हतो, पुन्हा भाषण करत होतो.

दरम्यान वर्ग सुरू झाला होता, पण सेंटरमध्ये नाही, कॅप्टनच्या बेसमेंटमध्ये; कपाटातले पॅनही तिकडे गेले होते. मुलगी बसने जायची. मी सोडतो म्हटलं तर म्हणायची, "इट्स ओके, बाबा." मला रागावून बोलली असती तर मी उत्तर दिलं असतं. ती सभ्यपणे बोलत होती, पाहुण्याशी बोलतात तसं.

नोव्हेंबरच्या मध्यावर पहिला मोठा बर्फ पडला. शनिवार होता. मी माझा ड्राइव्हवे शोव्हल केला, फावडं गाडीत टाकलं आणि कॅप्टनकडे गेलो. त्याचा गुडघा अशा हवेत दुखतो, हे मला मुलीच्या फोनवरच्या बोलण्यातून माहीत होतं. अर्धा ड्राइव्हवे साफ झाल्यावर त्याने दार उघडलं. हातात फोन होता, कानापासून जरा लांब धरलेला. पलीकडून एक बाई मोठमोठ्याने काही सांगत होती.

"टीचर," तो म्हणाला, "मी कुणाला बोलावलं नव्हतं."

"माहीत आहे. मला बोलायचंय. तुम्ही तेव्हा हो म्हणाला नव्हतात. मला ते कळलं होतं. कळूनही मी तुमच्या नावावर घातलं."

आतून, खालच्या बेसमेंटमधून पॅनचा आवाज येत होता. एकच पॅन, तीच ओळ पुन्हा पुन्हा. मला त्या हाताचा वेग ओळखू येत होता.

"का?" त्याने विचारलं.

"ती," मी बेसमेंटकडे मान केली. "ती माझ्याकडून उठून तुमच्याकडे आली."

मग त्याने दातांतून तो लांब आवाज काढला, माझ्या मुलीसारखाच. म्हणजे ती त्याच्यासारखा काढते. "मूल आहे ते, टीचर. पॅन नाही, की तुमच्या कपाटात नाहीतर माझ्या कपाटात." पलीकडून बाई विचारत होती, कोण आहे, कुणाशी बोलतोयस. त्याने फोन माझ्यापुढे धरला. "माझी माफी नंतर बघू. मी नव्हतो मेलो. जिला मारलंत तिच्याशी बोला."

मी हातमोजा काढला. फोन गरम होता. "हू इज धिस?" बाईने विचारलं, खणखणीत आवाजात, मागे भांड्यांचा आवाज. खालचं वाजणं थांबलं होतं. जिन्यावर पावलं आली आणि थांबली. मी वळून पाहिलं नाही. मिस, मॅडम, काय म्हणावं ते सुचेना, आणि सगळं इंग्रजीत बोलत असताना तोंडातून आपला एकच शब्द गेला.

"ताई," मी म्हणालो. "तुम्ही जिवंत होता आणि मी तुम्हाला गेलेलं ठरवलं. तुमच्या भावाने मला तसं सांगितलं नव्हतं. त्याला त्याची माणसं जमायला हवी होती, तुमची खबर हवी होती, ते मला ठाऊक होतं. माझी मुलगी त्याच्याकडे आनंदात असते, ते मला बघवत नव्हतं, म्हणून मी तो सोहळा बंद पाडला आणि तुमच्या नावाचं सुतक लोकांना धरायला लावलं. चूक माझी एकट्याची आहे. मला माफ करा."